कडी कोणासाठी?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी ह्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवले. वक्ता मात्र आपण मराठीचा बोलावलात. तेव्हा दोन्ही पक्षांना न्याय मिळावा म्हणून मी विषय यंत्राचा घेतला आहे आणि त्याच्याकडे जाणार आहे भाषेच्या वाटेने. यंत्र अगदी लहान आहे : मोटारीच्या दाराची मूठ. गेल्या काही वर्षांत उंची मोटारींच्या दारांवरून ही मूठ दिसेनाशी झाली आहे. ती दाराच्या पत्र्यात बुडवलेली असते. मालक किल्ली खिशात घेऊन जवळ आला, की आत दडवलेली विजेची चिमुकली मोटर फिरते आणि मूठ बाहेर सरकते; गाडी चालू लागली, की ती पुन्हा आत जाते. मंगळवारी-शनिवारी येथील मारुतीच्या दर्शनाला नागपूर-छिंदवाड्याकडून ज्या गाड्या येतात, त्यांत अशी एखादी आपण पाहिली असेल. आणि हिचे दार उघडते तरी कुठून, हे शोधणारी मुलेही तिच्याभोवती पाहिली असतील.

मुलांचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या जुन्या घरांच्या दारांना किती अवयव होते आणि मराठीने त्या प्रत्येकाला कसे वेगळे नाव दिले होते, ते आठवून पाहा. बिजागरी, कोयंडा, खिटी, खीळ, अडसर, कडी. अडसर म्हणजे दाराच्या आतून आडवा सरकवायचा लाकडी दांडा. तो घरांतून गेला, पण भाषेत राहिला. आज ‘कामात अडसर आला’ असे म्हणताना त्या दांड्याची आठवण कोणाला होत नाही. खिळेचेही तेच झाले. आता ह्या अवयवांच्या जागा पाहा. अडसर आतून असतो, तो घरच्या माणसासाठी. बाहेरची कडी मात्र येणाऱ्यासाठी असते. ती वाजवायची, ती धरून दार ओढायचे. घर माझे असले, तरी कडीचा उपयोग पाहुण्याला, शेजाऱ्याला, रात्री-अपरात्री निरोप घेऊन आलेल्या परक्या माणसाला. घरधन्याने आपल्या खर्चाने दुसऱ्यासाठी बसवलेली ही वस्तू आहे.

मराठी वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध बंद दार ज्ञानदेवांचे. लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन ते ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताबाईंनी बाहेर उभे राहून त्यांची विनवणी केली, अशी परंपरा आहे. त्यातूनच ताटीचे अभंग आपल्याला मिळाले. ताटी हे कामट्यांचे दार. जोराने लोटले असते तर उघडलेही असते. मुक्ताबाईंनी ते लोटले नाही, त्या बोलल्या. वर्गात हे अभंग शिकवताना मला नेहमी वाटे, की ही विनवणी शक्य झाली ती आत जिवंत, ऐकणारा माणूस होता म्हणून. आतला माणूस बेशुद्ध असेल, तर बाहेरच्याने काय करावे? तेव्हा उपयोग शब्दाचा नसतो, कडीचा असतो.

आता यंत्राकडे येऊ. मूठ आत का घेतली? शास्त्रीय कारण असे दिले जाते, की वेगाने जाणाऱ्या गाडीला वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा. कारण खोटे नाही. विजेवरच्या गाडीला एका भारणात जास्तीत जास्त अंतर कापायचे असते आणि वाऱ्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. परंतु गाडीच्या एकूण आकारापुढे मुठींचा त्यातील वाटा फारच थोडा. खरे कारण डोळ्यांचे आहे. गुळगुळीत पत्रा, आणि मालक येताच आपणहून पुढे होणारी मूठ. दारवानाने लवून मुजरा करावा, तसा हा थाट. टेस्लाच्या मॉडेल एसने तो २०१२ साली जगभर रूढ केला. आपल्या महाराष्ट्रात चाकणच्या कारखान्यात मर्सिडीजची ईक्यूएस ही विजेवरील मोटार २०२२मध्ये जोडली जाऊ लागली, तेव्हा तिची किंमत १ कोटी ५५ लाख रुपये होती, आणि तिच्या मुठी अशाच आत-बाहेर सरकणाऱ्या. त्याआधी वर्षभर, २०२१मध्ये, चाकणच्याच महिंद्रांच्या एक्सयूव्ही ७००च्या वरच्या श्रेणीत त्या आल्या होत्या. श्रीमंतांचे दागिने मध्यमवर्गाच्या घरी यायला पूर्वी दोन पिढ्या लागत; आता तेवढीही वाट पाहावी लागत नाही.

माझ्या भाच्याने अशी एक गाडी घेतली आहे. कोणत्या कंपनीची, ते येथे अप्रस्तुत आहे. माझी बोटे आता वयोमानाने पूर्वीसारखी वळत नाहीत. मूठ बाहेर येते, मी काठी डाव्या हातात घेऊन उजवा हात पुढे नेतो, तोवर ती आत गेलेली असते. ‘‘मामा, जरा थांबा, ती आपोआप येईल,’’ असे तो आदराने सांगतो. मी थांबतो. सत्तरी उलटलेल्या माणसाने दाराची वाट पाहायची, हा क्रम मला काही रुचत नाही. पण एवढ्यावर व्याख्यान उभे राहत नाही. एके दिवशी मात्र मे महिन्याच्या दुपारी नागपुरात त्या गाडीची बारा व्होल्टची लहान बॅटरी बसली. मूठ आली नाही. आम्ही चौघे मोटारीभोवती उन्हात उभे. शेवटी किल्लीच्या पोटात लपवलेली लोखंडी किल्ली सापडली आणि ती घालायचे भोक एका झाकणाखाली सापडले. त्याला वीस मिनिटे लागली. गाडी रिकामी होती, म्हणून आम्ही हसलो.

सगळेच असे हसू शकले नाहीत. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने टेस्लाच्या २०२१ सालच्या सुमारे १ लाख ७४ हजार मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली. तक्रारी बहुतांशी आईबापांच्या होत्या. मूल मागच्या आसनावर, दार बंद, विजेचा दाब उतरलेला, आणि बाहेरची मूठ निकामी. चार प्रसंगी पालकांना काच फोडावी लागली. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी चीनमधील चेंगडू शहरात शाओमीची विजेवरील मोटार अपघातानंतर पेटली. रस्त्यावरचे लोक धावून गेले, त्यांनी दार ओढण्याचा, काच फोडण्याचा प्रयत्न केला. दार उघडले नाही आणि चालक आत मरण पावला. तो मद्याच्या अमलाखाली असावा, असा पोलिसांना संशय होता. असेलही. पण जे धावून गेले त्यांच्या हाताला धरायला काही नव्हते, हे त्यामुळे बदलत नाही.

येथे आपल्याच भागातील एका घटनेचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर, नागपूरहून पुण्याला निघालेली एक खाजगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ माणसे जळून गेली. त्या बसला ह्या नव्या तऱ्हेची मूठ नव्हती, साधे दार होते. पण बस नेमकी दाराच्या बाजूवर पडली आणि दार जमिनीखाली गेले. जे थोडे वाचले, ते काच फोडून बाहेर पडले. अग्नीपुढे माणसाला किती थोडा अवधी मिळतो आणि एका दाराचे मोल तेव्हा किती असते, हे विदर्भातल्या माणसाला चेंगडूहून शिकावे लागत नाही. तेथे दार नाइलाजाने बंद झाले. आपण मात्र चांगले उघडणारे दार पैसे मोजून अवघड करून घेतो आहोत.

कोणी म्हणेल, हा म्हाताऱ्याचा नव्याविषयीचा राग आहे. तसे नाही. पत्र्याशी सपाट बसणारी मूठ विजेविनाही करता येते. १९५४च्या मर्सिडीज ३०० एसएलला तशीच होती. एक टोक दाबले, की दुसरे बाहेर येई. माझा आक्षेप सौंदर्याला नाही. मूठ वर करायला आधी वीज लागावी, आणि वीज नेमकी अपघातातच जावी, ह्याला आहे. शिवाय परिचयाचाही प्रश्न आहे. साधी मूठ पाहताच परक्या माणसाला कळते, येथे धरायचे. नव्या मुठीला आधी ओळख करून द्यावी लागते. जळत्या गाडीकडे धावणारा शेतमजूर ती गाडी जन्मात पहिल्यांदाच पाहत असतो.

चीनने ह्यावर २०२६च्या फेब्रुवारीत नियम जाहीर केला. १ जानेवारी २०२७ ही त्याच्या अंमलाची तारीख. मोटारीच्या दाराला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे यांत्रिक मूठ हवी, आणि बाहेरून हात घालायला किमान ६० मिलिमीटर लांब, २० रुंद आणि २५ खोल जागा हवी, असे त्यात आहे. सरकारी कागद वाचून मन हलावे, असे माझ्या बाबतीत क्वचितच घडले असेल. ह्या मापांनी ते घडले. कोणीतरी माणसाची बोटे मोजली होती. मालकाची नव्हे, कोणाही येणाऱ्याजाणाऱ्याची. आपल्या वाड्यांच्या सुताराला हे माप सांगावे लागत नसे. तो कडी घडवून घेई ती मुठीत मावेल अशीच.

माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आता नागपूर-पुण्याकडे चांगल्या पदांवर आहेत आणि अशा गाड्या घेऊ शकतात. काहींनी घेतल्याही आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच, की काही मोटारींत वीज गेल्यावर मागचे दार आतून उघडण्याची तार दाराच्या कप्प्यात, तळाच्या आच्छादनाखाली असते, आणि काहींत मागे ती मुळीच नसते. आपल्या गाडीत ती कुठे आहे, हे आज घरी गेल्यावर पुस्तिकेत पाहा, आणि मागे बसणाऱ्या मुलांकडून व आईवडिलांकडून ती एकदा त्यांच्याच हाताने ओढवून घ्या.