रिकाम्या बाटलीचे मोल



शीतपेयाच्या काचेच्या बाटलीसाठी दुकानदार अनामत घेत असे, हे महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. बाटली परत केली की पैसे परत मिळत. साहजिकच रिकामी बाटली सहसा कोणी टाकून देत नसे. पुढे एकदा वापरून फेकावयाची बाटली आली. नफा विक्रेत्याकडे राहिला आणि कचरा उचलण्याचा खर्च गावाच्या माथी आला.

हाच प्रश्न अमेरिकेतील ओरेगन राज्यापुढे उभा राहिला होता. तेथे १९७१ मध्ये कायदा संमत झाला आणि ऑक्टोबर १९७२ पासून बिअर व शीतपेयांच्या बाटल्या-डब्यांवर ५ सेंट अनामत लागू झाली. त्या देशातील अशा प्रकारचा हा पहिला कायदा होय. वितरक दुकानदाराकडून व दुकानदार ग्राहकाकडून अनामत घेतो. बाटली परत येताच रक्कम त्याच वाटेने माघारी जाते. परताव्यासाठी शासनाच्या तिजोरीवर भार पडत नाही.

या योजनेचे दोष मात्र कालांतराने दिसले. महागाई वाढली तरी अनामत ५ सेंटच राहिली. एवढ्याशा पैशासाठी बाटली परत नेण्याचे श्रम लोकांना नकोसे झाले. परतीचे प्रमाण लागोपाठ दोन वर्षे ८० टक्क्यांखाली गेल्यामुळे, कायद्यातील तरतुदीनुसार, एप्रिल २०१७ पासून अनामत १० सेंट झाली आणि परतीचे प्रमाण पुन्हा वाढले. पाण्याच्या बाटल्यांचा समावेश होण्यास तर २००९ साल उजाडले.

भारतातही हा मार्ग अनुसरला गेला आहे. जंगलात फेकलेल्या बाटल्यांच्या काचांनी वन्य प्राणी जखमी होत. म्हणून मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार मे २०२२ पासून निलगिरी जिल्ह्यातील शासकीय मद्यविक्री दुकानांत बाटलीमागे १० रुपये अधिक घेऊन ते रिकामी बाटली आणताच परत देण्याची योजना सुरू झाली.

अशा योजनेचे यश तीन गोष्टींवर अवलंबून असते: अनामत मोलाची हवी, परतीची जागा जवळ हवी आणि पैसे विनातक्रार मिळावयास हवेत. छोट्या दुकानदाराला बाटल्या साठविण्यास जागा नसते. तेथे बाजाराच्या दिवशी पंचायतीचे संकलन केंद्र उपयोगी पडेल. बाटली कोणीही आणली तरी पैसे मिळत असतील, तर कचरा वेचणाऱ्या कुटुंबालाही चार पैसे मिळतील. शिक्षकांनी हा हिशेब वर्गात मांडावा. उपदेशाने जे साधत नाही, ते पुष्कळदा परत मिळणाऱ्या हक्काच्या पैशाने साधते.