नगरपालिका आणि बिनपगारी माणसे



नगरपालिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक घरपट्टीच्या बिलाचे, दुसरे तुंबलेल्या गटाराचे. या दोहोंच्या मध्ये नागरिकाला काही जागा आहे काय, एवढाच प्रश्न आज आम्ही आपणापुढे मांडणार आहोत. आणि त्यासाठी कर्जत-खालापूरच्या बाहेर जाण्याचे कारण नाही.

माथेरानचे भाई कोटवाल आपण हुतात्मा म्हणून ओळखतो. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने ते पडले, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्याआधीचे कोटवाल आम्हांला अधिक विचारात पाडतात. गरीब नाभिक कुटुंबातला हा मुलगा वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत निवडून गेला, उपाध्यक्षही झाला. दुसरा कोणी असता तर सभा, ठराव आणि हारतुरे यांत रमला असता. कोटवालांनी कर्जत तालुक्यातल्या खेड्यांत स्वयंसेवी शाळा चालविल्या, आणि शेतकऱ्याला अडीअडचणीला सावकाराचे दार गाठावे लागू नये म्हणून धान्याची कोठी काढली. नगरपालिकेची हद्द संपली तरी त्यांचे काम संपत नव्हते.

आता कोणी विचारील, हे काम सरकारचे नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. आपल्या भाषेत श्रमदान आहे तशीच वेठही आहे, आणि दोहोंतले अंतर विसरून चालणार नाही. सफाई कामगारांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, आणि गांधीजयंतीला मुलांच्या हाती झाडू देऊन छायाचित्र काढायचे, याला आम्ही सेवा म्हणत नाही. पगारी माणसाचे काम पगारी माणसानेच केले पाहिजे. स्वयंसेवकाची खरी जागा, जिथे पगारी माणूस वेळेवर पोहोचूच शकत नाही, तिथे आहे.

इर्शाळवाडी आठवा. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या त्या ठाकरवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर चढेनात, पावसाळी हवेत हेलिकॉप्टर जाईना. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवानसुद्धा चिखलाची पायवाट चढून गेले आणि कुदळ-फावड्यांनी ढिगारा उपसू लागले. त्यांच्या जोडीला गिर्यारोहक होते, आसपासचे तरुण होते. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ देह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. अशा वेळी नुसती कळकळ पुरत नाही, मंडळी. अंधारात पायवाट ओळखणारा माणूस लागतो. कोणत्या घरात किती माणसे, कोणती मुले आश्रमशाळेत, कोण बाहेरगावी, हे सांगणारा लागतो. असा माणूस आपत्तीच्या रात्री तयार होत नाही. त्याचे नाव कचेरीत आधी नोंदलेले असावे लागते.

बोरघाटाचेही तेच. द्रुतगती मार्गावर अपघात झाला की खोपोलीचे तरुण वर्षानुवर्षे धावत जात आले आहेत. उरलेले आपण पोलिसांच्या खेटे घालण्याच्या धास्तीने गाडी पुढे दामटतो. ती धास्ती आता निराधार आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने, सद्‌भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही.

ज्यांना घाट चढवत नाही त्यांनी शाळेकडे वळावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. कागदावर त्या असतात. बैठकीला किती बसतात ते ज्याने त्याने आपल्या शाळेत जाऊन पाहावे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. तिथे सहीपुरते डोकावणारेच पुढे वर्षभर पारावर तक्रारी सांगत बसतात, असा आमचा अनुभव आहे.

पाऊस आता फार दूर नाही. तहसील कचेरीत नियंत्रण कक्ष उघडेल. तिथे जाऊन नाव, गाव आणि आपल्याला काय येते ते लिहून द्यावे: पोहणे, जीप हाकणे, जखम बांधणे, डोंगरातली एखादी वाट. स्वयंपाक येत असेल तर तेही लिहावे. ढिगारा उपसणाऱ्यांना भाकरी लागतेच.