आईचा चीक

श्रोतेहो, आपल्या वऱ्हाडात गाय व्याली की घरधनी आधी काय करतो? वासराला कासेशी लावतो. तो पिवळसर, घट्ट चीक पोटात गेला नाही तर वासरू तग धरणार नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग घरात लेकरू जन्मले की आईचा चीक ‘खराब दूध’ म्हणून पिळून टाकायचा आणि लेकराच्या जिभेवर मधाचे बोट टेकवायचे, हा कोणता न्याय?

हा चीक काही बाळंतपणाच्या दिवशी तयार होत नाही. गरोदरपणाच्या साधारण मध्यापासूनच तो बनू लागतो. म्हणून एखादीला सातव्या-आठव्या महिन्यात चार थेंब गळतात, चोळी ओली होते. ती घाबरते. घाबरू नये. जिला एक थेंबही गळत नाही तिनेही ‘आपल्याला दूध येणार नाही’ असे मनात आणू नये. गळण्यावरून दुधाचे माप ठरत नाही. मात्र दूध येते का, हे पाहण्यासाठी पिळू नये. गळणारे रक्ताळ असेल तर दवाखाना गाठावा.

गर्भ असेपर्यंत वारेतून येणारे संप्रेरक दुधाला जणू बांध घालते. वार पडली की तो बांध फुटतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येते. तोवर चीक असतो, चमच्याने मोजण्याइतकाच. पण नवजात लेकराला तेवढा पुरतो. रोगांशी झुंजण्याचे बळ त्यातच असते. तेव्हा पहिल्या तासातच लेकरू अंगावर घ्यावे.

पुढे लेकरू जितके ओढील तितके दूध वाढते. ते रडले, नुसती आठवण झाली, तरी पान्हा फुटतो. एका बाजूला पाजताना दुसरीकडून गळते. त्यात लाजण्यासारखे काय आहे? स्वच्छ सुती घडी ठेवावी, ओली झाली की बदलावी. स्तन लाल होऊन दुखला, ताप आला, तर पाजणे थांबवू नये, डॉक्टरांना दाखवावे.

अकोल्याचा उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे. आजी म्हणते, “लेकराचा घसा सुकला, पाणी पाज.” पण आईच्या दुधात शंभरात सुमारे ८७ भाग पाणीच असते. सहा महिने लेकराला पाणी नको. पाणी आईला द्या. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाकाठी सहा वेळा तरी लंगोट ओला होतो आणि वजन वाढते, म्हणजे दूध पुरते आहे.

या दुधाची किंमत मुंबईने ओळखली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी उभारली. आशियातली ती पहिली. अपुऱ्या दिवसांच्या लेकरांसाठी तिथे इतर माता दूध देतात. तिकडे थेंब न् थेंब जपून ठेवतात. आणि आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटाचे नाव कुपोषणाने मेलेल्या लेकरांमुळे देशभर गेले. अशा मुलखात फुकटचा, पहिला, सर्वांत मोलाचा घास मातीत ओतणे आपल्याला परवडणारे नाही.

गुरुजींनो, बाईंनो, पालकसभेत ही गोष्ट काढा. सासवांना बोलवा, बापांनाही बसवा. गाईच्या गोठ्यात जे शहाणपण आहे, ते माजघरात न्यायचे आहे, एवढेच.