माणिकडोहचे म्हातारे बिबटे

जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून ते चालवतात. जुन्नर-आंबेगावच्या उसातून आलेले, पुन्हा रानात सोडता न येणारे बिबटे इथेच म्हातारे होतात. रानात १२ ते १५ वर्षं जगणारं हे जनावर पिंजऱ्यात विशी गाठू शकतं. मग मूत्रपिंडं थकतात, सांधे धरतात, दात झिजतात.

अशा वेळी बरं करणं हा हेतू उरत नाही, दुखणं हलकं करायचं. हाड काढलेलं मऊ मांस, त्यातूनच औषध. मांजरकुळातलं जनावर वेदना लपवतं, म्हणून उरलेला घास हीच पहिली खूण. घरातला गिनीपिगही वेदना अशीच लपवतो. त्यानं चारा सोडला तर उद्यावर ढकलू नका. आतडी लवकर मंदावतात, डॉक्टर गाठा.

बिबट्या गेला की शवविच्छेदन, मग अधिकाऱ्यांसमोर दहन. रोज खाऊ घालणाऱ्याला सुतकाची रजा मात्र कुणी देत नाही! “जनावरच तर होतं” असं निदान त्याला ऐकवू नये. घरचा गिनीपिग गेला तर मुलांनाही नाही. “झोपलाय” म्हणून फसवण्यापेक्षा मेला हे सांगावं, आणि रडू द्यावं.