काळ मोजणारा मेंदू आणि आपली मुले

(मंडळाच्या धारणी येथील वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



विद्यार्थ्यांना एखाद्या नव्या व्यवसायाची ओळख करून द्यावी, अशी सूचना चिटणिसांनी पत्राने केली, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. मेळघाटातील शाळांत गणित आणि विज्ञान शिकविण्यात माझी हयात गेली. परंतु निवृत्तीनंतर वाचनास अवकाश मिळाला आणि त्या वाचनात ज्या एका विषयाने मला धरून ठेवले, तो आज आपणापुढे मांडावा असे ठरविले. आपल्या सभासद-सूचीतील 'व्यवसाय' या रकान्यात त्याचे नाव अद्याप एकदाही आलेले नाही. गणित व संगणक यांच्या साहाय्याने मेंदूचा अभ्यास करणे, आणि त्यातही मनुष्यास काळाचे भान कसे होते याचा शोध घेणे, असा तो व्यवसाय आहे. कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स हे त्याचे प्रचलित नाव. आपण त्यास संगणकीय मेंदूविज्ञान म्हणू.

घरोघरी डॉक्टर-इंजिनियरांची वाट पाहिली जात असता मास्तरांनी हे काय काढले, असे काहींच्या मनात आले असेल. त्यांनी थोडा धीर धरावा. शेवटी पैशाचीही गोष्ट निघणार आहे.

डोळा प्रकाश घेतो, कान नाद घेतो, त्वचेस उष्ण-शीत कळते. काळाकरिता मात्र शरीरात असे एकही इंद्रिय नाही. तरीही काळ कळतो. शाळेतले घड्याळ मुख्याध्यापकांच्या खोलीत असे, परंतु पस्तीस मिनिटांची तासिका संपत आली की वर्गातील मुलांचे हात आपोआप दप्तराकडे वळत. भजनात खंजिरी वाजविणाऱ्याचा हात पाहावा. समेची वाट पाहून तो पडत नाही. समेच्या क्षणी पडेल अशा बेताने तो आधीच निघालेला असतो. ठोक्याबरोबर बोट आपटावयास सांगितले असता बहुतेक माणसांचे बोट ठोक्याच्या किंचित आधीच पडते, असे प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे. पुढचा क्षण केव्हा येणार, हे मेंदूने अगोदर मोजलेले असते. कशाने मोजलेले असते, हा खरा प्रश्न.

हे माप बाहेरच्या आधारावाचून किती बिघडते, ते मिशेल सिफ्र या फ्रेंच तरुणाने १९६२ साली स्वतःवर प्रयोग करून पाहिले. घड्याळ व सूर्यप्रकाश यांवाचून तो दोन महिने एका गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला त्यास प्रयोग संपल्याचे कळविण्यात आले, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट चालू होता. सेकंदास एक याप्रमाणे एकशेवीस आकडे मोजावयास त्यास पाच मिनिटे लागत. याच्या उलट गोष्ट हडसन होगलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या घरी घडली. त्याची पत्नी तापाने अंथरुणावर होती. तो थोडा वेळ बाहेर जाऊन आला, तर बाईंना वाटले की आपले यजमान फार वेळ बाहेर होते. होगलंडने त्यांना मनातल्या मनात साठ सेकंद मोजावयास सांगितले. ताप जितका अधिक, तितका त्यांचा मिनिट लवकर संपे. हे निरीक्षण त्याने १९३३ साली प्रसिद्ध केले. तापलेल्या लेकराच्या उशाशी बसलेल्या आयांना रात्र लांबते हे ठाऊकच आहे; पण लेकराचीही रात्र लांबत असते, हे मला या प्रयोगामुळे कळले.

आता याचा उलगडा शास्त्रज्ञ कसा करतात ते पाहू. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी घंगाळातील पाण्यावर घटिकापात्र सोडीत. बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी हळूहळू भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली. मेंदूतही असेच काही असावे, ही पहिली कल्पना. ट्राइसमन या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली मांडले की आत कोठेतरी ठोके पडत असतात, ते साठत जातात आणि साठा पाहून मन कालावधी ठरविते. १९७७ साली जॉन गिबन याने त्यास गणिती रूप दिले. अंदाजातील चूक ही कालावधीच्या प्रमाणात वाढते, हे त्यात महत्त्वाचे. दहा सेकंदांच्या अंदाजात एका सेकंदाने चुकणारा मनुष्य वीस सेकंदांच्या अंदाजात सुमारे दोन सेकंदांनी चुकतो. तापाने ठोके जलद पडतात असे मानले की होगलंडच्या घरच्या गोष्टीचाही अर्थ लागतो.

दुसरी कल्पना मला अधिक मोहक वाटते. सिपनेच्या संथ डोहात खडा टाकावा. तरंग उठतात, पसरतात, विरतात. खडा पडताना आपण पाहिला नाही, तरी तरंग किती पसरले आहेत ते पाहून तो केव्हा पडला याचा अंदाज करता येतो. डोहात घड्याळ नाही. डोहाची स्थितीच काळ सांगते. अमेरिकेतील डीन बुओनोमानो यांचे म्हणणे असे की थोड्या काळाचे मोजमाप मेंदू याच रीतीने करतो. १९९५ साली त्यांनी व मायकेल मर्झेनिक यांनी संगणकावर कृत्रिम चेतापेशींचे जाळे रचून दाखविले की घड्याळासारखा कोणताही भाग न ठेवताही असे जाळे दोन लहान कालावधींतील फरक ओळखू शकते.

मग घटिकापात्र खरे की डोह? याची परीक्षा ज्यांनी केली त्यांचे आडनाव ऐकून आपण लगेच 'कोणत्या गावचे' असे विचारू. उमा करमरकर या तेव्हा लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बुओनोमानो यांच्या शिष्या होत्या. दोघांचा प्रबंध २००७ साली 'न्यूरॉन' या नियतकालिकात आला. त्यांची युक्ती साधी होती. दोन ध्वनींमधील अंतर ओळखावयाचे, परंतु त्या दोहोंच्या आधी एक उपरा ध्वनी कधी लवकर, कधी उशिरा ऐकवावयाचा. आत घटिकापात्र असेल तर ते दरवेळी रिकामे करून नव्याने सोडता येईल आणि उपऱ्या ध्वनीने काही बिघडणार नाही. आत डोह असेल तर पहिल्या खड्याचे तरंग दुसऱ्याच्या तरंगांत मिसळून गोंधळ होईल. कालावधी सेकंदाच्या दशांशाएवढा असता गोंधळ झाला. तो पूर्ण एक सेकंदाचा असता झाला नाही. म्हणजे निमिषमात्राचे मोजमाप एका रीतीने आणि त्याहून दीर्घ काळाचे दुसऱ्या रीतीने होत असावे. दोन-तीन ध्वनींच्या बळावर इतका मोठा प्रश्न पुढे सरकविता येतो, याचे माझ्यातील शिक्षकास फार कौतुक वाटते.

परंतु यात गणित कोठे आले, असे विद्यार्थी विचारतील. चेतापेशीतून विजेचा संदेश कसा धावतो, याची समीकरणे हॉजकिन व हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५२ साली मांडली. समुद्रातील स्क्विड या प्राण्याचा जाड मज्जातंतू त्यांनी त्यासाठी घेतला होता. ती समीकरणे सोडविण्यासाठी हक्सली यांनी दांडा फिरवून चालविण्याच्या गणनयंत्रावर काही आठवडे आकडेमोड केली. १९६३ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच काम संगणक क्षणात करतो, आणि एका पेशीच्या जागी सहस्रावधी पेशी मांडता येतात.

हे सर्व परदेशातच चालते असेही नाही. पुण्यास २००६ साली स्थापन झालेल्या 'आयसर' या संस्थेत, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, डॉ. सुहिता नाडकर्णी यांनी संगणकीय मेंदूविज्ञानाचे काम उभे केले आहे. त्यांची वाट वैद्यकातून नव्हे, भौतिकशास्त्रातून आली. ओहायओ विद्यापीठात पीटर युंग यांच्यासह त्यांनी २००३ साली लिहिलेला प्रबंध भौतिकशास्त्राच्याच एका नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चेतापेशीच्या शेजारी असणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी पूर्वी केवळ आधारास असतात असे मानीत. त्या पेशी चेतापेशीस उलट संदेश देऊ लागल्या तर ती कारणावाचून स्पंदू लागेल काय, आणि अपस्माराच्या झटक्याचे मूळ तेथे असेल काय, असा प्रश्न त्यांनी समीकरणांच्या द्वारे विचारला. पुढे २०१० साली सान डिएगो परिसरातील शास्त्रज्ञांसह त्यांनी दोन चेतापेशींमधील एकच सांधा रेणू-रेणूने संगणकावर उभा केला. नुकताच एक संदेश येऊन गेला असेल तर सांधा पुढच्या संदेशास निराळे उत्तर देतो. गेलेल्या क्षणाची खूण त्यात काही काळ राहते. मघाच्या डोहातील तरंग ते हेच. करमरकरबाईंच्या प्रयोगात जे बाहेरून दिसले, त्याचे मूळ अशा सांध्यांत शोधावे लागते.

'याचा उपयोग काय?' हा प्रश्न आपल्या सभेत हमखास येतो, आणि तो विचारणे गैर नाही. कंपवाताच्या रोग्यांत डोपामीन हे द्रव्य कमी पडते आणि त्यांचे कालावधीचे अंदाजही बिघडतात. औषध दिले असता ते सुधारतात असे दिसले आहे. काही लोकभ्रमही दूर होतात. घाटात बस घसरली तेव्हा क्षण लांबला, असे लोक सांगतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात माणसांना ३१ मीटर उंचीवरून जाळीत सोडण्यात आले. आपले पडणे त्यांना दुसऱ्याच्या पडण्याहून सुमारे एकतृतीयांशाने दीर्घ वाटले, परंतु पडत असताना मनगटावरील जलद बदलणारे आकडे त्यांना अधिक चांगले वाचता आले नाहीत. क्षण लांबला तो आठवणीत. तथापि मी वकिली करणार नाही. या विद्येतील पुष्कळसे काम आज कोणाच्या दुकानात किंवा शेतात उपयोगी पडणारे नाही. ते समजून घेण्यासाठीच आहे, आणि मला तेवढे पुरेसे वाटते.

आता पैशाची गोष्ट. बारावीनंतर आयसरची स्वतःची प्रवेशपरीक्षा असते आणि बी.एस.-एम.एस. हा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. त्यानंतर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे. त्यानंतर बहुधा परदेशात आणखी काही वर्षे संशोधन, आणि मग कोठे जागा मिळाली तर प्राध्यापकी. तोवर वय तिशी ओलांडून पुढे गेलेले असते. पीएच.डी.च्या काळात मुले उपाशी राहतात असे नाही. २०२३ पासून केंद्र सरकारची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये आहे. परंतु ही नोकरी नव्हे, आणि शेवटी प्रत्येकास जागा मिळतेच असेही नाही. उमा करमरकर यांनीच पुढे ग्राहकांच्या निर्णयांचा अभ्यास हा मार्ग धरला आणि त्या हार्वर्डच्या व्यवसाय-विद्यालयात अध्यापिका झाल्या. वाट वळते, शिकलेले वाया जात नाही. पण ती वाट लांब आहे हे आईबापांनी आधीच जाणून असावे.

आपल्या मंडळाच्या शिक्षण-निधीची अडचण येथेच येते. पदवीनंतर एका वर्षाने कर्जफेडीचा हप्ता सुरू व्हावा, असा आपला नियम आहे. इंजिनियर झालेल्या मुलास तो सोपा जातो. संशोधनाकडे वळणाऱ्या मुलास मात्र त्याच वर्षी ठरवावे लागते की हप्ता फेडावा की पुढे शिकावे. मुलींच्या बाबतीत तर त्याच वर्षी स्थळेही येऊ लागतात. 'पीएच.डी. लग्नानंतर करील' असे मांडवात सांगितले जाते. त्यांपैकी किती जणींनी ती केली, हे आपणच आठवून पाहावे. गतवर्षी आपल्या एका होतकरू मुलीने गणितात उत्तम गुण असता संशोधनाचा प्रवेश सोडला आणि हप्त्यासाठी अमरावतीस खाजगी शिकवणीवर्गात नोकरी धरली. दोष तिच्या वडिलांचा नाही. त्यांनी नियम पाळला.

याकरिता उद्या सकाळच्या सर्वसाधारण सभेत मी पुढील ठराव मांडणार आहे. जो कर्जदार मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ संशोधन करीत असेल, त्याचा हप्ता संशोधन चालू असेपर्यंत, अधिकाधिक सहा वर्षे, स्थगित ठेवावा, आणि त्या काळाचे व्याज निधीने सोडावे. निधीवर याचा भार किती पडेल, त्याचा हिशेब खजिनदारांनी काढून ठेवला आहे; तो पाहावयास मिळेल. ठरावास सूचक मी आहे. अनुमोदक हवेत, आणि त्यांत निदान दोन भगिनी असाव्यात अशी माझी विनंती आहे. नावे आज रात्री भोजनापूर्वी चिटणिसांकडे द्यावीत.