प्रत्यारोपित मूत्रपिंड आणि फुप्फुसांचे रक्षण



दि. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास यशस्वीपणे बसविले. भारतात असे यश १९७१ मध्ये वेल्लोर येथे लाभले. एकरूप जुळ्यांत शरीर नवे मूत्रपिंड परके मानत नाही. इतरांना मात्र ते टिकविण्यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे नित्य घ्यावी लागतात. पहारा सैल झाला की एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही फुप्फुसांत शिरकाव करतात. यालाच संधिसाधू संसर्ग म्हणतात.

पहिल्या महिन्यात बहुधा रुग्णालयातील जंतूंचा धोका असतो. पहिल्या ते सहाव्या महिन्यात न्यूमोसिस्टिस व अ‍ॅस्परजिलस या बुरशी, नोकार्डिया आणि सायटोमेगॅलो विषाणू यांचे भय अधिक. न्यूमोसिस्टिस टाळण्यासाठी को-ट्रायमोक्सॅझोलच्या गोळ्या देतात. आपल्या देशात क्षयरोग मात्र केव्हाही डोके वर काढू शकतो.

उमरीसारख्या गावचा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दूरच्या शहरातून घरी परततो. येथे कापसाची धूळ, बुरशी धरलेले धान्य, जुन्या भिंतींची पाडापाडी या नित्याच्या गोष्टी; अशा ठिकाणी त्याने जाऊ नये, जाणे भागच पडल्यास तोंडावर मुखपट्टी बांधावी.

या रुग्णात आजाराची लक्षणे सौम्य दिसतात. किंचित ताप, कोरडा खोकला, जिना चढताना दम एवढेच. आरंभी छातीचे क्ष-किरण चित्रही निर्दोष भासू शकते; म्हणून सीटी स्कॅन व गरज पडल्यास दुर्बिणीद्वारे फुप्फुसातील स्रावाची तपासणी करतात. ताप अंगावर काढणे हा येथे सर्वांत मोठा घात होय.

दुसरा घात औषधांचा. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन यांचे रक्तातील प्रमाण घटविते. प्रत्यारोपणाची माहिती न देता ते सुरू झाले, तर क्षय बरा होता होता मूत्रपिंड गमावण्याची वेळ येते. यास्तव रुग्णाने औषधांची चिठ्ठी सदैव जवळ बाळगावी, गावच्या डॉक्टरांना ती प्रथम दाखवावी आणि त्यांनी प्रत्यारोपण केंद्राशी बोलूनच उपचार ठरवावेत. रुग्णाने स्वतःहून कोणतीही गोळी बंद करू नये.

हे मूत्रपिंड अनेकदा आईने वा पत्नीने दिलेले असते, किंवा दुःखाच्या क्षणी एखाद्या अनोळखी कुटुंबाने. त्या दानाचे जतन करणे हे रुग्णाबरोबरच त्याच्या घराचे व गावाचेही कर्तव्य आहे.