बाकाशेजारचं स्टूल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



लग्नकार्यात कुणाशी नवी ओळख झाली की हमखास प्रश्न येतो, 'तुम्ही काय करता?' मी सांगते, 'शाळेत असते.' लगेच पुढचा प्रश्न, 'अरे वा, विषय कोणता?' इथं माझी गाडी अडते. मी विषय शिकवत नाही. मी शिक्षिका नाही, शिपाई नाही आणि आयाही नाही. वर्गात एखादं दिव्यांग मूल शिकत असेल, तर त्याच्या मदतीला बसणारी मी बाई. कागदावर 'मदतनीस'. शहरातल्या शाळांत 'शॅडो टीचर' असं भारदस्त नाव आहे म्हणे. आमच्याकडे पहिली काही वर्षं माझं नाव मस्टरवरसुद्धा नव्हतं. शाळेत माझी म्हणावी अशी एकच वस्तू होती, बाकाशेजारचं एक लाकडी स्टूल. आज त्या स्टुलाबद्दलच थोडं बोलणार आहे.

गोष्ट जून २००९ची. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली शाळा. पहिलीच्या वर्गात सहा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्याला मी 'राजा' म्हणायची, इथंही तेच म्हणते. राजाला सेरेब्रल पाल्सी होती. हजारात दोन-तीन मुलांना ती होते. जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते आणि मग शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही. राजाचे पाय ताठ, उजवा हात आखडलेला, बोलणं जड. समोरच्याला वाटायचं, याला काही समजत नाही. खरं तर त्याला सगळं समजत होतं. फक्त उत्तर ओठांपर्यंत यायला वेळ लागायचा.

शाळेनं अट घातली, 'सोबत कुणीतरी बसलं पाहिजे, तरच प्रवेश.' राजाच्या आईच्या कडेवर धाकटी सहा महिन्यांची. मी शेजारची, बी.ए. झालेली, घरीच होते. वहिनी म्हणाल्या, 'ताई, तुम्ही बसाल का?' महिना दोन हजार रुपये ठरले, तेही त्यांच्याच खिशातून. अशी मी या कामात आले. प्रशिक्षण म्हणाल तर शून्य.

शिकवलं ते एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी आणि बरंचसं राजानं. पहिली गोष्ट कळली ती अशी, की हातानं लिहायचं असेल तर आधी पाय टेकले पाहिजेत. बाक उंच, राजाचे पाय लोंबकळायचे. सगळा जोर तोल सावरण्यातच संपायचा, मग पेन्सिल कशी धरणार? घरून एक लाकडी पाट आणला, पायाखाली ठेवला. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ती जाड केली. वही घसरू नये म्हणून तिचे कोपरे चिकटपट्टीनं बाकाला चिकटवले. या सगळ्याचा खर्च दहा रुपयेसुद्धा नाही, पण त्या दिवशी राजानं पहिली रेघ ओढली.

खिचडी भरवताना उभं राहून वरून घास द्यायचा नाही. त्यामुळं मूल मान मागं टाकतं आणि ठसका लागतो. समोर बसायचं, त्याची हनुवटी किंचित खाली राहील असं बघायचं आणि पहिला घास गिळून झाल्याशिवाय दुसरा पुढं करायचा नाही. लघवीला नेताना आधी विचारायचं, 'उचलू का?' तो होय म्हणाला की मगच हात लावायचा. मूल म्हणजे काही धान्याचं पोतं नाही, न सांगता उचलायला.

हे सगळं मी मन लावून शिकले. वर्षभरात तर इतकी तरबेज झाले, की राजानं नुसतं बघितलं तरी मला कळायचं, त्याला पाणी हवंय की खोडरबर. बाईंनी प्रश्न विचारला की राजाच्या वतीनं मीच उत्तर द्यायची. त्याचा हात धरून अंक मीच काढायची. दुसरीत पाढ्यांच्या चाचणीत त्याला दहापैकी नऊ मिळाले. वर्गशिक्षिका खूष, वहिनी खूष. मला तर आभाळ ठेंगणं झालं. वर्गातली मुलं मला 'राजाच्या बाई' म्हणायची. त्याचाही मला कोण अभिमान!

मग २०१०च्या पावसाळ्यात एक दिवस माझ्या मुलीला ताप भरला आणि मी शाळेत गेले नाही. शिपाईमामा लक्ष ठेवतील असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा राजाची आदल्या दिवशीची वही कोरी होती. पाण्याची बाटली भरलेली, तशीच परत गेलेली. आणि दुपारनंतरचे दोन तास तो ओल्या चड्डीत बसून होता. कुणाच्या लक्षातच आलं नाही. शाळा सुटल्यावर वहिनी न्यायला आल्या, तेव्हा कळलं.

मी संतापले. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला जरा चढ्या आवाजात विचारलं, 'अगं, तू तरी विचारायचं नाहीस का त्याला?' ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'बाई, पण त्याचं सगळं तुम्हीच बघता ना?'

श्रोतेहो, त्या पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. वर्षभराहून जास्त काळ ती राजापासून दोन हातांवर बसत होती आणि त्या दोन हातांत माझं स्टूल होतं. तिला त्याचं बोलणं कळत नव्हतं, कारण ते ऐकायची वेळ मी तिच्यावर येऊच दिली नव्हती. वर्गशिक्षिका त्याला प्रश्न विचारायच्या त्या माझ्याकडे बघून. आणि राजा? त्यानं हात वर करायचं, हाक मारायचं सोडूनच दिलं होतं. त्याला गरजच काय होती? चाळीस मुलांच्या वर्गात मी राजासाठी एक वेगळी खोली बांधली होती. भिंती नव्हत्या इतकंच.

पुढं कितीतरी वर्षांनी एका प्रशिक्षणात कळलं, की यावर परदेशात अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातले मायकल जियांग्रेको आणि त्यांचे सहकारी यांनी तिथल्या शाळांमधल्या मदतनिसांचं काम बघितलं आणि १९९७ साली त्यावर एक लेख लिहिला. मदतनीस सतत मुलाला खेटून राहिला की काय होतं, हे त्यात आहे. वर्गशिक्षक त्या मुलाला आपलं विद्यार्थी मानत नाहीत, इतर मुलं लांब राहतात, मूल मोठ्या माणसांवर विसंबून राहायला लागतं. त्यांचा प्रश्नच असा होता, की ही मदत आहे की नुसत्या घिरट्या? ऐकताना वाटलं, ही मंडळी आमच्या दुसरीच्या वर्गात येऊन गेली की काय!

तर मी स्टूल मागं न्यायचं ठरवलं. सांगायला सोपं आहे. आधी हातभर मागं. मग एका बाकाच्या मागं. मग भिंतीपाशी. बाईंना सांगितलं, 'प्रश्न त्यालाच विचारा आणि मनात दहा अंक मोजा.' दहा अंक म्हणजे फार नव्हेत, पण गप्प वर्गात ते किती लांबतात, हे मोजल्याशिवाय कळत नाही. माझे हात शिवशिवायचे. राजा पेन्सिल पाडायचा, वळून माझ्याकडे बघायचा. मी खिडकीबाहेर बघत बसायची. पहिल्या दिवशी ती पेन्सिल पूर्ण एक तास तशीच पडून होती. तो रडला. घरी जाऊन मीही रडले. तिसऱ्या दिवशी त्यानं शेजारणीला हाक मारली. तिनं पेन्सिल उचलून दिली आणि म्हणाली, 'आधी सांगायचं ना!'

पुढच्या चाचणीत राजाला दहापैकी तीन मिळाले. वहिनी तडक शाळेत आल्या. 'ताई, मग आम्ही पैसे कशाचे देतो?' मी म्हटलं, 'वहिनी, आधीचे नऊ माझे होते. हे तीन त्याचे आहेत.' त्यांना ते पटलं नाही. सहामाही होईपर्यंत आमच्यात अबोलाच होता. त्यांचं तरी काय चुकलं? ज्या आईला 'तुमच्या मुलाला काही येणार नाही' हेच जन्मभर ऐकावं लागलं, तिला नऊ गुणांचं मोल आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पुढं मी आणखी मुलांबरोबर काम केलं. त्यातली एक चौथीतली मुलगी. तिला फिट यायची. पहिल्यांदा वर्गात आली तेव्हा कुणी चप्पल हुंगवायला धावलं, कुणी कांदा आणा म्हणालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलेलं मी आख्ख्या वर्गाला सांगितलं. आजूबाजूचं सामान बाजूला करायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. पुढच्या वेळी मी ऑफिसात होते. धावत आले तर मुलगी कुशीवर होती, डोक्याखाली कुणाचा तरी स्वेटर होता आणि एक मुलगा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोठ्यानं मिनिटं मोजत होता. माझ्यासाठी काम उरलंच नव्हतं. राजाच्या बाबतीत वर्षभराहून जास्त काळ जे चुकलं, ते इथं मी पहिल्या आठवड्यातच केलं होतं, एवढाच काय तो फरक.

आता कायद्याचं दोन शब्दांत सांगते. राजा पहिलीत आला त्याच वर्षी, २००९ साली, शिक्षण हक्काचा कायदा झाला. २०१२च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलांचा त्यात स्पष्ट उल्लेख आला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सातऐवजी एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व मानलं. ठरावीक प्रमाणावर दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि त्यासाठी शेजारची शाळा घ्यायची की विशेष शाळा, याची निवडही दिली. ऑक्टोबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं, प्राथमिकला दहा मुलांमागं एक, वरच्या वर्गांना पंधरांमागं एक. चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्याकडे विशेष शिक्षक येतात, अनेक शाळा सांभाळून ठरल्या दिवशी येतात आणि जातात. रोज दहा ते पाच त्या मुलाबरोबर असते ती मदतनीस. तिला शिकवायचं कुणी, पगार द्यायचा कुणी, ती रजेवर गेली तर काय, याचा विचार माझ्या ओळखीच्या शाळांत तरी ती रजेवर गेल्यावरच होतो. आमच्यातल्या कितीतरी जणींचे पैसे आजही पालकच देतात आणि ज्या पालकांना ते जमत नाही, त्यांचं मूल घरी बसतं. यात बदल हवा. मदतनिसाला निदान महिनाभराचं प्रशिक्षण हवं, मस्टरवर नाव हवं. आणि तिला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं, की बाई, तुझं स्टूल कायम बाकाशेजारी ठेवायचं नाही. मला ते सांगणारं कुणी नव्हतं. त्याची किंमत एका लहान मुलानं ओल्या चड्डीत बसून मोजली.

तुमच्या मुलाच्या वर्गात असं एखादं मूल असेल, तर आपल्या मुलाला एवढंच विचारा, 'तू त्याच्याशी आज काय बोललास?' उत्तर 'त्याच्या बाई असतात ना' असं आलं, तर समजा, की तिथलं स्टूल अजून जवळच आहे.

राजा मार्च २०१९मध्ये दहावीला बसला. तोवर चाकाची खुर्ची तो स्वतः ढकलत होता. लिहिण्याचा वेग कमी, म्हणून लेखनिक मिळाला, नववीतला एक मुलगा. अशा मुलांना तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ द्यावा, अशी केंद्र सरकारची सूचना होती, तो वेळही मिळाला. उत्तरं राजा सांगणार, लिहिणार तो. लेखनिकाला आपलं बोलणं कळावं म्हणून राजानं आधी महिनाभर त्याच्याबरोबर रोज बसून सराव केला होता. हे सगळं त्याचं त्यानंच ठरवलं. मला नंतर कळलं.

पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी मी घरी गेले, दहीसाखर घेऊन. म्हटलं, 'उद्या सकाळी मी येते केंद्रावर. फाटकाबाहेर थांबेन.' राजानं सवयीप्रमाणं वेळ घेतला. मी मनात अंक मोजत होते. सातावर आले तेव्हा तो म्हणाला, 'बाई, नका येऊ. मी सांगेन घरी आल्यावर.'

मी गेले नाही. दुपारी दोन वाजेपर्यंत स्वयंपाकघरात येरझाऱ्या घातल्या, इतकंच. अडीचला त्याचा फोन आला. पेपर सोपा होता म्हणाला.